नदी किती सोसते आणि वाटे कसे घालायचे

(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी झालेलं बोलणं. ज्या वाड्यांवरून कुणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)

साथींनो, आयांनो, बायांनो आणि मागं बसलेल्या पोरांनो,

आम्हाला आज नदीबद्दल बोलायला सांगितलंय. नदी घाण झाली, मासे मेले, कंपनीचा निषेध असो, हे आपण सगळेच खूपदा बोललो. घोषणा दिल्या, मोर्चाही नेला. साहेब बाहेर आले, निवेदन घेतलं, म्हणाले, "सगळे कारखाने कायद्याच्या मर्यादेत आहेत." आपण परत आलो. साहेब खोटं बोलले असं आपल्याला वाटलं. आता आम्ही सांगतो ते नीट ऐका. साहेब कदाचित खरं बोलत असतील. सगळे कारखाने मर्यादेत असतील आणि तरीही नदी मरत असेल. हे कसं होतं, ते आज हिशोब करून बघायचंय. हिशोब शाळेतल्या गुणाकाराइतकाच आहे.

आधी एक शंका काढून टाकू. काल वरच्या वाडीतले एक काका म्हणाले, "आपण डोंगरात राहतो. आपला ओहोळ स्वच्छ आहे. पाताळगंगा खाली, कारखाने खाली. खालच्यांनी बघावं." काका, तुम्ही मोठे आहात, पण एक विचारतो. पहिला पाऊस पडला की वलगणीचे मासे वर चढतात, ओहोळात येतात, शेताच्या बांधापर्यंत येतात. रात्री बत्ती घेऊन आपण सगळे जातो. ते मासे येतात कुठून? खालच्या नदीतून. एप्रिल-मे महिन्यात डोहात जी मासळी तग धरून राहते, तीच जूनमध्ये अंडी घालायला वर येते. मे महिन्यात डोह मेला तर जूनमध्ये आपल्या ओहोळात काही चढणार नाही. पुन्हा दिवाळीनंतर आपली निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते. भट्ट्या नदीकाठी असतात. तिथं आपल्या बाया त्याच पाण्यात भांडी घासतात, पोरं त्यातच डुंबतात. तेव्हा नदी आपलीच आहे.

आता हिशोब.

पाण्यात हवा विरघळलेली असते. मासा त्या हवेवर जगतो. कुजणारी घाण पाण्यात पडली की ती कुजताना ही हवा खाते. घाण जास्त तर हवा कमी, आणि हवा संपली की मासा पोट वर करून तरंगतो. कुठल्या पाण्यातली घाण किती हवा खाईल हे प्रयोगशाळेत मोजतात. त्या मापाला बीओडी म्हणतात. आपण त्याला पाण्याची भूक म्हणू. एका लिटरमागं इतके मिलिग्रॅम, असं ते माप लिहितात. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग.

नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण नियम असा आहे की ही भूक लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर नसावी. साहेब जी मर्यादा म्हणतात ती ही. आणि नदीचं पाणी अंघोळीच्या लायकीचं राहायचं असेल तर नदीत ही भूक लिटरला ३ च्या वर जाऊ नये, असं केंद्रीय मंडळाचं माप आहे. नळाच्या तोंडाशी ३०, नदीत ३. हे दोन आकडे पाठ करा.

समजा, उन्हाळ्यात आपल्या नदीतून दिवसाला १० कोटी लिटर पाणी वाहतं. हा आकडा आम्ही समजुतीसाठी धरलाय. खरा आकडा मंडळाकडून आणि पाटबंधारे खात्याकडून मागून घ्यायचाय. समजा, वरून येणाऱ्या चांगल्या पाण्यातही पालापाचोळ्यामुळं १ मिलिग्रॅम भूक असतेच. ३ पर्यंत जायला २ ची जागा उरली. १० कोटी लिटर गुणिले २, म्हणजे २० कोटी मिलिग्रॅम. दहा लाख मिलिग्रॅमचा एक किलो होतो. म्हणजे झाले २०० किलो. नदी दिवसाला २०० किलो घाण सोसू शकते. त्याच्या वर नाही.

आता एक कारखाना घ्या. तो दिवसाला १० लाख लिटर सांडपाणी सोडतो, अगदी कायद्यानं, ३० च्या मापानं. गुणाकार करा, ३० किलो झाले. एक कारखाना ३० किलो. सहा कारखाने १८० किलो. इथपर्यंत नदी कशीबशी जगते. सातवा आला की २१०. नदी भरली. दहा कारखाने असतील तर ३०० किलो. त्यांचं स्वतःचं पाणी नदीत मिसळतं तेही हिशोबात धरलं तरी नदीचं माप साडेतीनच्या वर जातं. दहाही कारखान्यांकडं संमतीपत्र आहे, दहाही कायद्यात आहेत, आणि नदी नापास.

चूक कुठं झाली? प्रत्येक भांड्यातलं पाणी किती गढूळ आहे ते मोजलं. भांडी किती आहेत ते कुणी मोजलं नाही.

यात आणखी एक चलाखी चालते. एखाद्या कारखान्याचं पाणी निघतं ५ लाख लिटर, त्याचं माप ६०. म्हणजे ३० किलो घाण. ती साफ करायला पैसे लागतात. मग त्यात ५ लाख लिटर चांगलं पाणी ओतलं की १० लाख लिटर झालं, माप ३० वर आलं. कागदावर पास. घाण तेवढीच, ३० किलो. वर नदीचं ५ लाख लिटर चांगलं पाणीही गेलं. म्हणून आपली पहिली मागणी अशी हवी की मर्यादा किलोत सांगा. दिवसाला अमुक किलो, त्याच्या वर नाही. किलोत सांगितलं की पाणी ओतून घाण लपत नाही.

काही जण म्हणतील, हे तुमच्या डोक्यातलं खूळ आहे, कायद्यात असं काही नाही. साथींनो, कायद्यात आहे. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये राज्य मंडळाची कामं दिलीत. त्यातलं एक काम असं की, एखाद्या ठरावीक नदीत जाणारं सांडपाणी किती साफ करून सोडायचं हे ठरवताना, कोरड्या दिवसांत त्या नदीत कमीत कमी किती पाणी असतं आणि घाण पडल्यावर ती नदी किती सोसू शकते, हे मंडळानं ध्यानात घ्यावं. १९७४ मध्ये लिहिलंय. म्हणजे सगळ्या नद्यांना एकच ३० चा आकडा लावून मोकळं व्हायचं, एवढंच मंडळाचं काम नाही. नदी बघून, तिचं उन्हाळ्यातलं पाणी बघून ठरवायचंय. आपण काही जगावेगळं मागत नाही.

'कोरड्या दिवसांत' हे शब्द धरून ठेवा. ऑगस्टमध्ये हीच नदी शंभर कोटी लिटर वाहत असेल तर तीच जागा २,००० किलोची होते. मग कुणी ऑगस्टमध्ये नमुना घेतला तर नदी गंगेसारखी निर्मळ दिसेल. आपली नदी तर आणखी वेगळी आहे. पाताळगंगेत उन्हाळ्यात जे पाणी दिसतं त्यातलं बरंच घाटावरच्या तलावांचं आहे. वळवण, लोणावळा, शिरोटा या तलावांचं पाणी नळातून खाली खोपोलीच्या वीजघरात येतं, चाकं फिरवतं आणि नदीत सुटतं. १९१५ च्या सुमारापासून हे चाललंय. वीज जास्त लागली की पाणी सुटतं, नाही लागली की कमी होतं. कारखाना काही वीजघराला विचारून सांडपाणी सोडत नाही. समजा, एखाद्या दिवशी नदीत फक्त २ कोटी लिटर राहिलं, तर त्या दिवशीची जागा ४० किलोची. सगळ्यांनी मिळून २०० टाकले तर? एक दिवस पुरे होतो. मासा एकदाच मरतो. महिन्याची सरासरी चांगली निघाली म्हणून तो परत उठत नाही. तेव्हा एकूण माप धरायचं ते सगळ्यात कमी पाण्याच्या दिवसाचं, आणि नदीत रोज एवढं तरी पाणी राहिलंच पाहिजे हेही त्याच वेळी ठरवून घ्यायचं.

एकूण ठरलं. आता वाटे घालायचे. खरं भांडण इथंच आहे.

आपण सगळे मिळून मासे मारतो तेव्हा वाटे कसे घालतो? सगळी मासळी एका ठिकाणी ओततो. देवाचा वाटा आधी काढतो. जो आला त्याचा वाटा, आणि ज्या घरात विधवा बाई एकटी आहे, येऊ शकली नाही, तिचाही. ज्याचं जाळं त्याला थोडं जास्त. पण जाळं मोठं म्हणून निम्मी मासळी कुणी घरी नेत नाही. नेली तर भांडण होतं. वाटा कशावरून घालायचा यावर आपल्यात रीत आहे. घाणीचे वाटे घालायच्याही वेगवेगळ्या रीती आहेत, आणि प्रत्येक रीतीत कुणाचा तरी फायदा आहे. कुठली रीत कोण मागतंय ते बघितलं की तो कोण आहे ते कळतं.

आपल्या उदाहरणातले २०० किलो घ्या. मोजण्यात चूक होते, नदी दरवर्षी सारखी नसते, म्हणून २० किलो बाजूला. गुरं, धुणं, गावं-वाड्या, शेतातून वाहून येणारं, यासाठी ३० किलो बाजूला. उरले १५०. नदीवर तिघे आहेत असं समजा. एक कागदाचा कारखाना. तो साफ न करता रोज १,००० किलो घाण तयार करतो. एक नगरपालिका, तिच्या गटारांची ६०० किलो. एक रसायनाचा कारखाना, त्याची ४०० किलो. एकूण २,००० किलो, आणि जागा १५० ची.

पहिली रीत, सगळ्यांना एकच माप, लिटरला इतके मिलिग्रॅम. ही आजची रीत. यात जो जास्त पाणी वापरतो त्याला घाणीचा वाटाही जास्त मिळतो. पाणी वाचवणारा मूर्ख ठरतो.

दुसरी रीत, सगळ्यांनी सारख्या टक्क्यांनी कमी करा. २,००० चे १५० करायचे तर प्रत्येकानं साडेब्याण्णव टक्के कमी करायचं. कागदवाल्याला ७५ किलो, नगरपालिकेला ४५, रसायनवाल्याला ३०. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण निम्मी जागा कुणाला गेली? जो सगळ्यात जास्त घाण करतो त्याला. आणि हे टक्के आजच्या सोडण्यावर लावले तर अजून वाईट. समजा, रसायनवाल्यानं आधीच खर्च करून ४०० चे ४० केलेत, आणि कागदवाला अजून हजारच सोडतोय. आता दोघांनी निम्मं करा म्हटलं तर हा ५०० वर येणार आणि त्या बिचाऱ्यानं ४० चे २० करायचे. ज्यानं साफ केलं त्याला शिक्षा. मग पुढं कोण साफ करील?

तिसरी रीत, तिघांना सारखे वाटे, ५०-५० किलो. पण नगरपालिका म्हणजे एक मालक नाही. एक माणूस रोज साधारण ४५ ग्रॅम घाण तयार करतो असं इंजिनियर लोक धरतात. ६०० किलो म्हणजे तेरा हजारांची वस्ती. तेरा हजार माणसं आणि एक मालक सारखेच धरायचे का?

चौथी रीत, ज्याला साफ करणं स्वस्तात जमतं त्यानं जास्त साफ करावं, बाकीच्यांनी त्याला पैसे द्यावेत. किंवा प्रत्येकाला वाटा द्यावा आणि वाटे विकत घ्यायची-द्यायची मुभा ठेवावी. परदेशात अशी सूट काही नद्यांवर दिलीय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात फॉक्स नदीवर १९८१ पासून कागद कारखान्यांना ती होती, पण प्रत्यक्षात देवघेव फारच थोडी झाली. एकूण खर्च यात कमी होतो, हे खरं आहे, आम्ही नाकारत नाही. पण आपल्याला विचारायचंय की विकत घेतलेली घाण पडणार कुठं? वरच्यानं आपला वाटा खालच्याला विकला तर कागदावर एकूण तेवढंच राहतं, आणि सगळी घाण एकाच डोहात उतरते. त्या डोहाकाठी कुणाची वाडी आहे हे विकणारा बघत नाही.

यावरून जागेचा मुद्दा येतो. घाण नळाशी पडते, पण हवा लगेच खात नाही. कुजायला वेळ लागतो. वाहत वाहत जाते आणि हवा सगळ्यात कमी होते ती काही अंतर खाली. म्हणून साहेब नळाजवळ बाटली भरून म्हणतात बघा ठीक आहे, आणि चार मैल खाली आपली मासळी मरते. दोघेही खरं सांगतात. पुढं धरमतर खाडीकडं गेलं की भरतीचं पाणी घाण परत वर ढकलतं, ती लवकर बाहेर जातच नाही. म्हणून वाटे घालताना एक किलो म्हणजे सगळीकडं एकच किलो नाही. तो कुठं पडतो त्यावरून वाटा कमी-जास्त करावा लागतो, आणि नदी पास की नापास हे ज्या ठिकाणी हवा सगळ्यात कमी होते तिथं ठरवावं लागतं. ते ठिकाण कुठलं हे मासे मारणाऱ्या कातकऱ्याला कुठल्याही यंत्राआधी ठाऊक असतं. मोजणीच्या जागा ठरवताना मंडळानं त्याला विचारावं.

मग आपली रीत काय? आम्ही चार वाड्यांवर बसून चर्चा केली. जे निघालं ते मांडतो, तुम्ही दुरुस्त करा.

पहिला वाटा नदीचा आणि नदीवर जगणाऱ्यांचा. त्यानंतर माणसांच्या मैल्याचा, कारण माणसानं शौचाला जाऊ नये असं सांगता येत नाही. तोही फुकट नाही. नगरपालिकेनं गटाराचं पाणी साफ करणारं केंद्र नीट चालवलं तर शंभरातले नव्वद भाग सहज जातात. म्हणजे ६०० चे ६०. उरले ९०. ते दोन्ही कारखान्यांत वाटायचे, आणि त्यासाठी विचारायचं की याच धंद्यातला चांगला कारखाना एक टन माल काढताना किती घाण सोडतो? त्या मापानं दोघांना वाटा. जुनी यंत्रं ठेवून जास्त घाण केली म्हणून वाटा जास्त मिळणार नाही. तेवढ्यात बसत नसेल तर दोघांनी सारख्या प्रमाणात अजून कमी करावं, किंवा पाणी आत फिरवून पुन्हा वापरावं, किंवा माल कमी काढावा. आणि बाजूला ठेवलेले किलो नव्या कारखान्याला द्यायचे नाहीत. नवा येणार असेल तर त्यानं आधीच्या कुणाकडून तरी तेवढं, नाही त्याहून जास्त कमी करवून दाखवावं. भरलेल्या एसटीत कंडक्टर कुणी उतरल्याशिवाय चढू देत नाही, तसं.

आणि जहराचे वाटे नाहीत. हे सगळं आम्ही बोललो ते कुजणाऱ्या घाणीबद्दल. ती नदी पचवू शकते, थोडी असेल तर. पारा नदीला पचत नाही. तो गाळात बसतो, गाळातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून आपल्या पोटात. जपानमध्ये मिनामाता गावात १९५६ साली हे उघड झालं. कोळ्यांची पोरं लुळी जन्मली. असल्या जिनसांसाठी नदीत जागाच धरायची नाही. वाट्याचा प्रश्नच नाही, शून्य.

काल यावर मोठा वाद झाला. आपल्या जुन्या कार्यकर्त्या आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नदीत घाण टाकायचे वाटे घालणारे आपण कोण? एक थेंब नको म्हणा. वाटा दिला म्हणजे हक्क दिला." आजी, तुमचं बोलणं आम्हाला रात्रभर टोचलं. जहराबद्दल तुमचंच खरं. पण कुजणाऱ्या घाणीबद्दल 'एक थेंब नको' म्हटलं तर खोपोलीचा मैला कुठं जाणार, आणि आपल्याच गुरांचं काय? मग साहेब हसून म्हणतात की हे लोक अडाणी आहेत, आणि जुना ३० चा आकडा तसाच चालू राहतो. आपली दहा पोरं त्याच कारखान्यांत ठेक्यावर आहेत, हेही विसरू नका. मालक त्यांना सांगतो, तुमचे लोक कंपनी बंद पाडणार. आपण बंद करा म्हणत नाही. वाट्यात राहा म्हणतो.

पण आजींच्या बोलण्यातला दुसरा भाग आपण सोडायचा नाही. वाटा म्हणजे मालकी नाही. कारखाने म्हणतात, आम्ही वीस वर्षं इथं पाणी सोडतोय, आमची वहिवाट आहे. साथींनो, वहिवाट हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे. आपल्या आजा-पणजानं दळी जमीन कसली. आपण वहिवाट म्हटलं की आपल्याला अतिक्रमणवाले म्हणतात. २७ डिसेंबर १९७८ चा शासन निर्णय दाखवला की विचारायचे, ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसत होता याचा पुरावा आणा, दंडाची पावती आणा. आपण पावत्या शोधत फिरलो. मग नदीत घाण टाकणाऱ्याकडं कुठला सातबारा आहे? कायदा तर साफ सांगतो. कलम २७ प्रमाणं मंडळ संमतीपत्रातल्या अटी केव्हाही तपासू शकतं, बदलू शकतं, काढूनही घेऊ शकतं. जो आज वाटा मिळाला तो उद्या कमी होऊ शकतो. हे प्रत्येक संमतीपत्रावर लिहून घ्या.

एकूण मर्यादा घालता येत नाही असं कुणी म्हणालं तर दोन उदाहरणं सांगा. लांबचं अमेरिकेतल्या डेलावेअर नदीचं. १९६१ मध्ये त्या नदीसाठी आयोग झाला. त्यानं नदीच्या खालच्या अंगाचे पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्याला एकूण किती घाण ते ठरवलं, आणि त्या दशकातच कारखान्यांना नि शहरांना वाटून दिली. जवळचं आपल्या डहाणूचं. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुक्यात उद्योगांसाठी एकूण ५०० एकरच जमीन, त्याच्या वर नाही, असं ठरलं. एकेका कारखान्याला परवानगी देताना सगळ्या तालुक्याचा हिशोब धरायचा, हे तिथं मान्य झालं. जमिनीला जमतं ते नदीला का नाही?

आता कामाचं. वरच्या अंगाला एका कारखान्याचं उत्पादन वाढवायचं चाललंय. १९९७ पासून अशा मोठ्या कामांसाठी जनसुनावणी घ्यायचा नियम आहे. तिथं 'विरोध आहे' एवढंच बोलून बसायचं नाही. हे पाच प्रश्न लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची:

१. सगळ्यात कोरड्या दिवशी आपल्या नदीत किती लिटर पाणी असतं? वीजघर बंद असताना किती?

२. त्या पाण्यात नदी दिवसाला किती किलो घाण सोसते? कलम १७ प्रमाणं हा हिशोब मंडळानं केला आहे का? केला असेल तर कागद दाखवा.

३. आज ज्यांना ज्यांना संमतीपत्र दिलंय त्या सगळ्यांचे मिळून किलो किती होतात?

४. हे किलो नदीच्या सोसण्यापेक्षा जास्त असतील तर वाढीव उत्पादनाचे किलो कुणाच्या वाट्यातून येणार?

५. हवा सगळ्यात कमी होते त्या ठिकाणी मोजणी होते का, आणि मे महिन्यात होते का?

सुनावणीच्या आधी दोन-तीन जणांनी मंडळाच्या कार्यालयात जायचं. कलम २५ प्रमाणं संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि ज्याला त्या सांडपाण्याचा त्रास होतो त्याला कामाच्या वेळात ती बघायचा हक्क आहे. ते म्हणतील, तुम्ही कोण? सांगा, आम्ही खालच्या डोहात मासे मारणारे, आम्हाला त्रास होतो. वहीतून तीन गोष्टी उतरवून आणा, रोजचं पाणी किती लिटर, माप किती, जागा कुठली. गुणाकार आपण इथं बसून करू. दहावी-बारावी झालेली पोरं आता प्रत्येक वाडीत आहेत, त्यांनी हेच काम करायचंय.

अटी मोडलेल्या दिसल्या तर कलम ४९ प्रमाणं कुणीही माणूस मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करू शकतो. १९८८ पासून हा हक्क आहे. कोर्टात आपली बाटली चालत नाही, मंडळानं रीतीप्रमाणं घेऊन सील केलेला नमुना लागतो. म्हणून मासे मेले की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, कुठला मासा, सगळं वहीत लिहा, चार जणांच्या सह्या-अंगठे घ्या आणि मंडळाला कळवून नमुना घ्यायला बोलवा. आले नाहीत तर तेही लिहा.

हे सगळं केलं म्हणजे नदी लगेच साफ होईल असं आम्ही सांगत नाही. पण आज नदीचे वाटे आपल्या पाठीमागं घातले जातात, आणि घालणाऱ्याला ते वाटे आहेत हेसुद्धा कबूल करावं लागत नाही. एकेकाला एकेक संमतीपत्र देत गेले की झालं. एकदा एकूण आकडा उघड झाला की प्रत्येकाला दुसऱ्याकडं बघावं लागेल. मग कारखानेच एकमेकांना विचारतील, तू किती टाकतोस? आणि आपण वाटे घालताना समोर बसलेले असू.

पुढच्या अमावास्येच्या आत प्रत्येक वाडीनं दोन नावं द्यायची. एक वही लिहिणारा, एक मासे ओळखणारा. आजींनी आपलं नाव आत्ताच दिलंय.

जिंदाबाद!